चार अक्षरांचे गाव आणि 'चार' नावाचा रकाना : रिलेशनल डेटाबेसमधील अक्षर-प्रकारांचा इतिहास व मराठी अभिलेख

प्रस्तावना :

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आंबागड नावाचे गाव व त्याच नावाचा गिरिदुर्ग आहे. इ. स. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या कारकिर्दीत राजा खान पठाण या सरदाराने हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला व त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र किल्ल्याचा इतिहास हा नाही. त्या स्थळाचे नाव लिहून ठेवण्याचा इतिहास हा आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने 'आंबागड' हे नाव चार अक्षरांचे आहे : आं, बा, ग, ड. युनिकोड या संकेतप्रणालीत त्याच नावाची ६ चिन्हे होतात : आ, अनुस्वार, ब, काना, ग आणि ड. ही ६ चिन्हे यूटीएफ-८ पद्धतीने साठविली तर १८ बाइट लागतात, यूटीएफ-१६ पद्धतीने १२, तर भारतीय मानक असलेल्या इस्की संकेतानुसार केवळ ६. रोमन लिपीत 'गड' शेवटी ठेवून लिहिल्यास ७ आणि इंग्रजी दप्तरातील जुन्या रूढीप्रमाणे 'गढ' लिहिल्यास ८ बाइट होतात. डेटाबेसची रचना करणाऱ्याला मात्र नाव येण्यापूर्वीच रकान्याची लांबी ठरवावी लागते. ती लांबी कोणत्या एककात मोजायची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या ५० वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांचे परिणाम महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांवर कसे उमटले, याचा येथे विचार केला आहे. अभिलेखांतील नावांच्या चुकांचे खापर बहुधा तलाठ्यावर किंवा टंकलेखकावर फोडले जाते. त्यांपैकी बऱ्याच चुकांचे मूळ रकान्याचा प्रकार निवडण्याच्या निर्णयात आहे, असे या इतिहासावरून दिसते.

रकान्यापूर्वीचे लेखन :

'रकाना' हा शब्द मराठी दप्तराला नवा नाही. परंतु ज्या मोडी लिपीत भोसल्यांच्या नागपूर दरबाराचा कारभार चालला, तिची प्रकृती रकान्याला अनुकूल नव्हती. मोडी लिहिणारा कारकून प्रथम शिरोरेघ ओढून घेई व मग तिला अक्षरे लटकवीत जाई. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचा प्रघात नव्हता आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सामान्यतः पाळला जात नसे. नाव कोठे संपले हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. आजच्या परिभाषेत सांगायचे तर लांबीचे बंधन नसलेला, पण विभाजकही नसलेला असा तो मजकूर होता.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतर मालगुजारी पद्धतीच्या जमाबंदीत खसरा, जमाबंदी इत्यादी छापील नमुने पटवाऱ्याच्या हाती आले. छापील नमुन्यात प्रत्येक नोंदीला आखलेली जागा असते. नाव त्या जागेपेक्षा मोठे झाले तर पटवारी अक्षर बारीक करी, दुसऱ्या ओळीवर जाई किंवा संक्षेप करी. 'बुद्रुक' अथवा 'बुजुर्ग' यासाठी 'बु.' आणि 'खुर्द' यासाठी 'खु.' हे संक्षेप त्यांपैकीच होत. याच तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणीमुळे परिचित असलेले डोंगरी बुजुर्ग हे गाव कागदोपत्री दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. कागदाच्या रकान्यात अशी लवचिकता होती. शिवाय वाचणारा माणूस असल्यामुळे 'डोंगरी बु.' आणि 'डोंगरी बुजुर्ग' ही दोन गावे आहेत असा संशय कोणाला येत नसे.

भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. मध्य प्रांताच्या दप्तरातील हिंदी-मराठी मिश्र लेखन, इंग्रजी लेखनातील 'गढ' आणि मराठी 'गड' अशी सर्व रूपे त्याच्याबरोबर आली. शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तीपुरते उरलेले अनुस्वार गाळले व 'नांव', 'गांव' यांचे 'नाव', 'गाव' झाले. जुन्या नोंदी मात्र होत्या तशाच राहिल्या. त्यामुळे संगणक येण्यापूर्वीच एकाच नावाची अनेक लेखनरूपे दप्तरात नांदत होती, आणि माणसाच्या वाचनामुळे ती निभावून जात होती.

एक घर, एक चिन्ह, एक बाइट :

ई. एफ. कॉड यांनी जून १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमानाची मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांच्या स्वरूपात मांडावी, प्रत्येक स्तंभातील मूल्ये एका निश्चित मूल्यक्षेत्रातून यावीत आणि दोन तक्त्यांचा संबंध मूल्यांच्या समानतेवरून जुळावा, हे त्या प्रतिमानाचे सार होय. ते मूल्य प्रत्यक्ष तबकडीवर कसे साठवायचे याविषयी प्रतिमान हेतुपुरस्सर मौन बाळगते. हे मौन सैद्धान्तिकदृष्ट्या योग्यच होते. परंतु 'समानता' ठरविण्याचे कामही त्यामुळे साठवणीच्या थराकडे गेले, आणि तेथे इंग्रजी लिपीची गृहीतके आधीच प्रस्थापित झालेली होती.

ही गृहीतके छिद्रित पत्रिकेपासून चालत आलेली होती. आयबीएम कंपनीच्या १९२८ च्या पत्रिकेला ८० उभे स्तंभ होते व एका स्तंभात एक चिन्ह बसे. नावासाठी २० स्तंभ राखले म्हणजे नाव २० चिन्हांचे. लहान असेल तर उरलेली घरे कोरी, मोठे असेल तर उरलेली अक्षरे बाद. १९६३ मधील आस्की संकेतात १२८ स्थाने होती. इंग्रजी वर्णमाला, अंक व विरामचिन्हे यांना ती पुरेशी होती. एक घर म्हणजे एक चिन्ह आणि एक चिन्ह म्हणजे एक बाइट, हे समीकरण अशा रीतीने रूढ झाले.

१९७४ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत चेंबरलिन व बॉइस यांनी कॉडच्या प्रतिमानासाठी जी पृच्छाभाषा मांडली, तिचीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ च्या पहिल्या एसक्यूएल मानकात मजकुरासाठी एकच प्रकार होता : ठरावीक लांबीचा 'कॅरॅक्टर', संक्षेपाने 'चार'. (मराठी वर्गात हा शब्द प्रथम उच्चारला की विद्यार्थ्यांना आकडा ऐकू येतो, प्रस्तुत लेखात तो अवतरणचिन्हांत दिला आहे.) 'चार' प्रकारच्या २० लांबीच्या रकान्यात इस्कीनुसार 'आंबागड' ठेवल्यास ६ बाइट नावाचे व १४ बाइट रिकाम्या जागेचे असतात. प्रत्येक ओळ सारख्याच लांबीची असल्यामुळे हजारावी ओळ कोठे सुरू होते हे साध्या गुणाकाराने काढता येते. डिस्क लहान व प्रक्रियक मंद असताना हा मोठाच लाभ होता. आपल्याकडील कार्यालयांत १९८० व १९९० च्या दशकांत वापरात असलेल्या डीबेस व फॉक्सप्रो यांची रचनाही याच पठडीतली होती.

बदलत्या लांबीचा 'व्हारचार' हा प्रकार अनेक उत्पादनांत आधीपासून असला तरी मानकात तो १९९२ मध्ये आला. त्यात नावापूर्वी त्याची लांबी लिहिली जाते, जणू पोत्यावर वजन लिहावे तशी, आणि उरलेली जागा भरावी लागत नाही. मायएसक्यूएलमध्ये रकान्याची कमाल मर्यादा २५५ बाइटपर्यंत असेल तर लांबीसाठी १ बाइट, अधिक असेल तर २ बाइट लागतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून १२६ बाइटपर्यंतच्या मजकुराला १ बाइटाचे शीर्ष पुरते. त्याहून मोठ्यास ४ बाइट. म्हणजे आज यूटीएफ-८ मधील 'आंबागड' तेथे १८ अधिक १ असे १९ बाइट व्यापते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बदलत्या लांबीचे सर्व रकाने ओळीच्या शेवटी एकत्र ठेवून त्यांच्या सीमा दर्शविणारी २-२ बाइटांची कोष्टी जोडलेली असते. पद्धती भिन्न असल्या तरी तत्त्व एकच : मजकुराबरोबर त्याचे मोजमाप साठवायचे.

१९९२ च्या मानकाने आणखी दोन गोष्टी दिल्या. रकान्यागणिक वर्णसंच व वर्णक्रम सांगण्याची सोय झाली, आणि 'नॅशनल कॅरॅक्टर' नावाचा वेगळा प्रकार आला. यातील 'नॅशनल' या विशेषणाचा व्यवहारातील अर्थ 'इंग्रजीव्यतिरिक्त' असा आहे, हे नोंदविण्यासारखे आहे. जगातील बहुसंख्य लिप्या अपवाद म्हणून एका खास प्रकारात बसविण्यात आल्या.

फाँटची दोन दशके :

भारतीय लिप्यांसाठी संकेत नव्हता असे नाही. कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत विकसित झाले आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे मानक प्रसिद्ध केले. आस्कीची १२८ स्थाने तशीच ठेवून वरच्या १२८ स्थानांत भारतीय वर्ण बसविणारी ही आठ बिटांची योजना होती. चिन्हे उच्चारानुसारी क्रमाने साठविली जात. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी साठवणीत क आधी व इकार नंतर असे. जिस्ट कार्ड बसविलेल्या संगणकावर डीबेससारख्या प्रणालीत मराठी नावे भरता येत, आणि एका चिन्हाला एक बाइट हे जुने समीकरणही त्यात टिकून राहत असे.

विंडोज प्रणाली आल्यावर परिस्थिती पालटली. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला देवनागरीचा १२८ स्थानांचा विभाग तिच्यात होता. परंतु युनिकोड देवनागरी पडद्यावर योग्य प्रकारे दाखविण्याची सोय विंडोज २००० पर्यंत आली नाही. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे विंडोजमध्ये देवनागरीसाठी आठ बिटांचे अधिकृत स्थानिक संकेतपृष्ठ कधीच नव्हते. एसक्यूएल सर्व्हरमधील साधा 'व्हारचार' हा अशा संकेतपृष्ठावरच अवलंबून असतो. त्यामुळे २०१९ च्या आवृत्तीत यूटीएफ-८ ची सोय होईपर्यंत त्या रकान्यात खरी देवनागरी साठविणे शक्यच नव्हते. १९९८ च्या सातव्या आवृत्तीपासून त्यासाठी 'एनव्हारचार' हा प्रकार उपलब्ध होता, पण तो मुद्दाम निवडावा लागे.

या पोकळीत फाँट शिरला. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, योगेश इत्यादी फाँटांनी इंग्रजी व युरोपीय चिन्हांच्या स्थानांवर देवनागरीचे अवयव बसविले. डेटाबेसच्या दृष्टीने तो रोमन मजकूरच होता. केवळ पडद्यावर मराठी दिसे. कृतिदेवमध्ये 'आ' हे अक्षर 'अ' आणि काना अशा दोन तुकड्यांतून जुळते. म्हणून 'आंबागड' हे नाव ७ चिन्हांचे होते आणि फाँट काढून घेतल्यास इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका उरते. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी साठविली जाते. परिणामी 'कि'पासून सुरू होणारी सर्व नावे क्रम लावताना 'क'च्या नावांत न येता वेलांटीच्या गटात जातात. जोडाक्षरांच्या बाबतीत प्रत्येक फाँटचे तुकडे निराळे. एका कार्यालयातील 'आंबागड' व दुसऱ्या कार्यालयातील 'आंबागड' हे छापल्यावर एकरूप दिसत. डेटाबेसला मात्र ते दोन असंबद्ध शब्द वाटत.

या काळाचा निवाडा करताना सौम्यता आवश्यक आहे. कार्यालयांना मराठी छापील उतारा हवा होता आणि फाँटने तो दिला. मात्र डेटाबेसचे प्रयोजन छपाईपुरते नसते. शोध, जुळणी व क्रम यांसाठी तो असतो, आणि ही तीनही कामे फाँटबद्ध मजकुरात होत नाहीत. या दृष्टीने फाँटबद्ध अभिलेख हे विसाव्या शतकाच्या अखेरीचे मोडी दप्तरच होत. ते वाचण्यासाठी त्या फाँटची संकेतसारणी जाणणारा लागतो आणि असे जाणकार वर्षागणिक कमी होत आहेत. मोडीसाठी पुराभिलेखागार व अभ्यासवर्ग तरी आहेत.

सहा प्रश्नचिन्हे :

फाँटकडून युनिकोडकडे जाताना जे नुकसान होते त्याचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना 'व्हारचार' प्रकारचा असेल, अथवा रकाना 'एनव्हारचार' असूनही आज्ञेतील अवतरणापूर्वी 'एन' हे अक्षर लिहायचे राहिले असेल, तर देवनागरी चिन्हांना त्या संकेतपृष्ठात स्थान मिळत नाही व प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठविले जाते. 'आंबागड'च्या जागी सहा प्रश्नचिन्हे येतात. हे केवळ दर्शनातले वैगुण्य असते तर योग्य फाँट बसवून दुरुस्त झाले असते. येथे मूळ बाइटच नाहीसे झालेले असतात. तुमसरलाही ५ चिन्हे असल्यामुळे पाच प्रश्नचिन्हे मिळतात, एवढाच काय तो भेद उरतो.

लांबीच्या एककामुळे होणारे नुकसान याहून फसवे आहे. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी परंपरेने बाइटमध्ये मोजली जाई. १० लांबीचा रकाना इंग्रजी 'आंबागड'ला पुरतो. यूटीएफ-८ मधील देवनागरी नावाला १८ बाइट लागत असल्याने ओरॅकल ती नोंद नाकारते. २००१ च्या ९आय आवृत्तीत लांबी बाइटमध्ये की चिन्हांत मोजायची हे सांगण्याची सोय झाली, तरी मुळातले गृहीत बाइटचेच राहिले. मायएसक्यूएलने २००४ च्या ४.१ आवृत्तीत रकान्यागणिक वर्णसंच दिला व लांबी चिन्हांत मोजण्यास प्रारंभ केला. परंतु २०१५ च्या ५.७ आवृत्तीत कडक पद्धत पूर्वनियत होईपर्यंत, लांब मजकूर नाकारण्याऐवजी मुकाट्याने छाटला जाण्याची शक्यता तेथे कायम होती. नकार देणारी प्रणाली त्रासदायक वाटते खरी, पण अभिलेखाच्या दृष्टीने तीच प्रामाणिक होय. छाटलेले नाव पुढे खरे नाव म्हणून चालू लागते.

चिन्हांत मोजल्याने प्रश्न पूर्ण सुटतो असेही नाही. 'आंबागड' चार अक्षरांचे म्हणून ४ चिन्हांचा रकाना दिला तर त्यात आ, अनुस्वार, ब व काना एवढेच मावते आणि किल्ल्याचा 'आंबा' होतो. मराठीतील 'अक्षर' आणि मानकातील 'कॅरॅक्टर' या दोन भिन्न संकल्पना आहेत. वाचकाला एकसंध वाटणाऱ्या चिन्हसमूहाची व्याख्या युनिकोडने स्वतंत्रपणे केली आहे. देवनागरी जोडाक्षर हा एकच समूह मानण्याचा नियम तीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. एसक्यूएलमधील रकान्याची लांबी मात्र त्या एककात सांगता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल यांना या नावाची चिन्हसंख्या विचारली तर ६ असे उत्तर मिळते. ४ असे उत्तर देणारे प्रमाण कार्य नाही.

समानतेचा प्रश्न :

जागेचा प्रश्न आज गौण झाला आहे. देवनागरीला रोमनच्या तिप्पट जागा लागते हा आक्षेप काही मेगाबाइटांच्या डिस्कच्या काळात रास्त होता. आता त्यात अर्थ नाही. समानतेचा प्रश्न मात्र तसाच आहे, किंबहुना माहिती जोडण्याच्या प्रयत्नांमुळे तो अधिक तीव्र झाला आहे.

'आंबागड', 'अंबागड' आणि 'आम्बागड' ही एकाच नावाची तीन लेखने डेटाबेसच्या लेखी तीन मूल्ये आहेत. तुमसर तालुका मध्य प्रदेशाच्या सीमेवर असल्याने 'अंबागढ़' हे हिंदी रूपही येते. त्यातील नुक्तायुक्त ढ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो व ढ अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. दिसायला दोन्ही एकच. युनिकोडच्या प्रमाणीकरण-नियमानुसार ही दोन रूपे एकत्र आणता येतात, पण ते प्रमाणीकरण बहुतेक डेटाबेस आपण होऊन करीत नाहीत. माहिती भरणाऱ्या प्रणालीने करावे अशी अपेक्षा असते. रफाराऐवजी येणाऱ्या मराठीच्या खास अर्ध्या 'र'ची गोष्ट आणखी अवघड आहे. 'कऱ्हाड' हे नाव ऱ व हलन्त यांनी लिहिता येते, तसेच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही. ही दोन रूपे प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. बोऱ्हाडे, गोऱ्हे यांसारख्या आडनावांच्या व्यक्तीचे नाव शोधूनही न सापडण्यामागे असे अदृश्य चिन्ह असू शकते, आणि पडद्यावर पाहून ते कोणाच्याही लक्षात येणार नाही.

वर्णक्रमाबाबतही हेच म्हणता येते. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या स्थानक्रमात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. केवळ संकेतक्रमांकावरून यादी लावली तर ती मराठी यादी होत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१७) आयसीयू या ग्रंथालयाचे मराठीसह अनेक भाषांचे वर्णक्रम वापरता येतात. मात्र तो क्रम स्पष्टपणे सांगावा लागतो.

रोमन लिपीत नाव ठेवले म्हणजे हे सर्व टळते, असा युक्तिवाद पूर्वी केला जाई व अजूनही ऐकू येतो. तो टिकत नाही. रोमन लेखनात आ व अ, ड व द, ण व न यांतील भेदच पुसला जातो. शिवाय छत्तीसगडमध्ये अंबागढ़ चौकी हे गाव आहे, आणि २०२२ पासून एका नव्या जिल्ह्याच्या नावातही ते आले आहे. देशव्यापी यादीत इंग्रजीतील जुन्या वर्णलेखनाने भंडाऱ्याचा किल्ला शोधणाऱ्यास प्रथम दुसऱ्या राज्यातील चौकीचे गाव सापडले तर आश्चर्य नाही.

सातबाऱ्यावरील नाव :

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प आठ राज्यांतील एकेका जिल्ह्यात सुरू केला. महाराष्ट्रातून त्यासाठी विदर्भातीलच वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. म्हणजे काम सुरू झाले तेव्हा इस्कीचे १९९१ चे मानक नव्हते, युनिकोड नव्हते आणि एसक्यूएलच्या मानकात 'व्हारचार'ही नव्हता. ही कालसंगती लक्षात घेतल्याशिवाय पुढील तीन दशकांतील अडचणींचा उलगडा होत नाही. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक २००९ मध्ये अधिसूचित केले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने देवनागरी लिपी व वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. तोवर माहितीचा मोठा साठा जुन्या संकेतांत भरून झाला होता.

गाव नमुना सात व बारा यांचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. त्यावरील खातेदाराचे नाव, गाव नमुना सहामधील फेरफार आणि आठ-अ मधील खाते यांची परस्परांशी जुळणी व्हावी लागते. रिलेशनल परिभाषेत हे तीन तक्ते आहेत. हस्तलिखित व संगणकीय उतारे यांच्यात आढळलेल्या तफावती दूर करण्यासाठी ई-फेरफार प्रकल्पात स्वतंत्र दुरुस्ती-प्रणाली ठेवावी लागली आणि २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन घेण्यात आले. गावकऱ्यांसमोर उतारे मोठ्याने वाचून दाखवायचे व चूक असेल ती त्यांनी सांगायची, ही पद्धत संगणकपूर्व आहे. डेटाबेसला न कळणारी समानता कानाला कळते : 'आंबागड' कोणत्याही संकेतात लिहिलेले असो, वाचून दाखविल्यावर ते एकच असते.

गावाच्या बाबतीत यावर उपाय सापडला आहे. नाव हे जुळणीचे साधन न ठेवता गावाला संकेतांक द्यावा आणि तक्ते संकेतांकावर जोडावेत, हा तो उपाय. जनगणनेने तो पूर्वीपासून अवलंबिला. २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात जे बदल झाले त्यांत गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक देण्याची तरतूद आली. त्यामुळे आंबागड हे नाव कोणत्याही प्रकारे लिहिले गेले तरी गावाची ओळख हरवत नाही.

खातेदाराच्या नावाच्या रकान्याला अशी सोय नाही. वारसाची नोंद करताना मृत्युपत्र, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक आणि सातबारा यांवरील नाव सारखे आहे की नाही हे अक्षरशः पाहिले जाते. एका ठिकाणी फाँटमधून रूपांतरित झालेले, दुसऱ्या ठिकाणी २० बाइटांत छाटलेले, तिसऱ्या ठिकाणी रोमनमधून पुन्हा देवनागरीत आणलेले अशी ती नावे असू शकतात. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली आदेश मिळवावा लागतो. त्या कलमाची भाषा कारकुनाच्या हातून झालेली चूक डोळ्यांपुढे ठेवून रचलेली आहे. रकान्याची लांबी वा संकेत चुकीचा निवडल्याने शेकडो ओळींत एकाच वेळी झालेली चूकही त्याच कलमाखाली, एकेका खातेदाराने अर्ज करून आणि पुरावे जोडून दुरुस्त करून घ्यावी लागते. चूक एकदाच झालेली असते; अर्ज, खेपा आणि तारखा मात्र जितके खातेदार तितक्या होतात.